गोळीबाराच्या रीलमधली गरम पुंगळी: खरा धोका चटक्याचा नाहीच, मग कशाचा?

फायरिंग रेंजवर कुणीतरी पिस्तूल चालवतंय. तिसऱ्या-चौथ्या गोळीनंतर तो अचानक खांदे उडवतो, मान वाकडी करतो आणि शर्ट झटकत जागच्या जागी नाचायला लागतो. मागे मित्र खिदळतायत. पिस्तुलातून उडालेली गरम पुंगळी त्याच्या कॉलरमधून आत गेलेली असते. व्हिडिओ संपतो, आपण पुढचा लावतो.

असे रील हजारोंनी आहेत. हिंगोली जिल्ह्यातल्या सेनगाव तालुक्यातलं पुसेगाव असो (साताऱ्याचं, सेवागिरी महाराजांचं पुसेगाव वेगळं) की पुण्यातली एखादी पेठ, फोनवर ते सगळीकडे सारखेच येतात. पण पुसेगावसारख्या गावांमध्ये हे रील बघणाऱ्यांत एक गट असा आहे, ज्याच्यासाठी हा विषय नुसता हसण्याचा नाही. तो गट म्हणजे पोलीस भरतीची तयारी करणारी मुलं-मुली. राज्य राखीव पोलीस बलाचा गट क्रमांक १२ हिंगोलीतच आहे. आज पहाटे रस्त्यावर धावणाऱ्यांपैकी ज्यांची निवड होईल, त्यांच्या हातात प्रशिक्षणात खरी रायफल येणार आहे आणि तिच्यातून पुंगळ्याही उडणार आहेत.

म्हणून असा रील पुन्हा समोर आला, तर नाचणाऱ्या माणसाच्या पाठीकडे बघू नका. व्हिडिओ थांबवा आणि त्याच्या हाताकडे बघा. त्या क्षणी पिस्तुलाचं तोंड कुठे वळलं होतं आणि बोट कुठे होतं?

सॅरासोटामध्ये काय झालं होतं?

५ जुलै २०१५. अमेरिकेतल्या फ्लोरिडा राज्यातलं सॅरासोटा शहर. एक वडील आपल्या मुलांना घेऊन बंदिस्त फायरिंग रेंजवर गेले होते. त्यांनी गोळी झाडली. बाहेर फेकली गेलेली रिकामी पुंगळी बाजूच्या भिंतीवर आपटून परत आली आणि त्यांच्या शर्टात, पाठीच्या बाजूला पडली. चटका बसला. पुंगळी काढायला त्यांनी हात मागे नेला. ज्या हाताने ती काढायला गेले, त्याच हातात पिस्तूल होतं. तोंड मागे वळलं आणि गोळी सुटली. मागे उभ्या असलेल्या त्यांच्या १४ वर्षांच्या मुलाचा त्यात मृत्यू झाला. पोलिसांनी हा अपघात असल्याचं सांगितलं.

या घटनेत कुणी दारू प्यायलेलं नव्हतं, भांडण नव्हतं, बंदूक खेळणं म्हणून वापरली जात नव्हती. काही ग्रॅमचा पितळेचा तुकडा होता आणि चटका बसल्यावर कोणताही माणूस करेल ती हालचाल होती.

रीलमध्ये जे दिसतं आणि सॅरासोटामध्ये जे घडलं, त्यात फरक फक्त बोटाच्या जागेचा आहे.

पुंगळी तापते कशी?

काडतुसाचे ढोबळमानाने चार भाग असतात. पुढे गोळी, मागे पेटवणारी छोटी टिकली म्हणजे प्रायमर, मध्ये दारू, आणि हे सगळं एकत्र धरून ठेवणारी पितळी नळी. दारू जळाली, गोळी गेली की उरते ती ही नळी. बातम्यांमध्ये ‘घटनास्थळी पुंगळ्या सापडल्या’ असं वाचतो, ती हीच.

हे पितळ साधारण ७० टक्के तांबं आणि ३० टक्के जस्ताचं असतं. घरातल्या पितळेच्या भांड्यांचंच हे भावंडं. कढत पाण्याचा पितळी तांब्या फडक्याशिवाय उचलून पाहिलेल्यांना पुढचं सांगायची गरज नाही. पितळ उष्णता पटकन घेतं आणि तितक्याच पटकन समोरच्याला देऊन टाकतं.

दारू जळताना वायूचं तापमान २,००० अंश सेल्सियसच्या वर जातं. पितळ तर नऊशे-साडेनऊशे अंशांच्या आसपास वितळतं. मग पुंगळी वितळत का नाही? कारण हा सगळा खेळ एखाद्या मिलिसेकंदाचा असतो. तेवढ्या वेळात पितळेत उष्णतेचा छोटासा हिस्साच शिरतो.

त्या क्षणी पुंगळी आणखी एक मोठं काम करते. दाबामुळे ती फुगते आणि बंदुकीच्या आतल्या कप्प्याला गच्च चिकटते. त्यामुळे तापलेला वायू मागे, नेमबाजाच्या चेहऱ्याकडे येत नाही. गोळी नळीतून बाहेर पडली की दाब उतरतो, पितळ किंचित आक्रसतं आणि पुंगळी सुटी होते. मग एक आकडा तिला कडेने धरून मागे ओढतो, दुसरा भाग तिला टिचकी मारतो आणि ती बहुतेक बंदुकांत उजव्या बाजूला उडते.

बाहेर जाताना ती थोडी उष्णताही सोबत घेऊन जाते, आणि बंदुकीच्या दृष्टीने हे फायद्याचंच आहे. पश्चिम जर्मनीत हेक्लर अँड कॉख कंपनीने ‘जी-११’ नावाची विनापुंगळी रायफल बनवायला घेतली होती. पुंगळीच नाही म्हटल्यावर उष्णता बाहेर नेणारं कुणी उरलं नाही आणि तापलेल्या कप्प्यात दारू आपोआप पेटण्याची अडचण अभियंत्यांना बराच काळ छळत राहिली.

चटका किती मोठा?

खरं सांगायचं तर फार मोठा नाही. ९ मिलिमीटर पिस्तुलाची पुंगळी जेमतेम ४ ग्रॅमची. ती १०० अंशांवर आहे असं धरलं आणि त्वचेला चिकटून ४० अंशांपर्यंत थंड झाली, तर तिने दिलेली उष्णता साधारण ९० ज्यूल भरते. एक ग्रॅम पाणी तेवढ्यात बावीसेक अंशांनी तापेल, बस. ऑलिंपिकच्या पिस्तूल नेमबाजीत वापरली जाणारी .२२ ची पुंगळी तर एक ग्रॅमचीही नसते.

पुंगळी हाताला लागून खाली पडली तर बहुतेकदा कळतही नाही. त्रास होतो तो ती अडकली की. कॉलर आणि मान यांच्यामध्ये, चष्मा आणि गाल यांच्यामध्ये, बुटाच्या तोंडाशी, गळा मोठा असलेल्या कपड्यात. भाजणं हे तापमानावर जितकं, तितकंच वेळेवर अवलंबून असतं. ६० अंशांचं पाणी काही सेकंदांत खोल भाजू शकतं, ७० अंशांना एखादा सेकंद पुरतो. अडकलेल्या पुंगळीला तो वेळ मिळतो आणि मग लाल चट्टा किंवा फोड उठतो. डोळ्याजवळ असेल तर मात्र ते किरकोळ राहत नाही.

फोडणी करताना तडतडलेली मोहरी मनगटावर उडते तेव्हा हात आपोआप मागे जातो. तो निर्णय डोकं घेत नाही, मेंदूला कळायच्या आधीच मज्जारज्जूकडून आदेश सुटलेला असतो. फोडणीत जळते ती फार तर मोहरी. इथे त्या हातात पिस्तूल असतं.

ज्या क्षणी चटका, त्याच क्षणी बंदूक भरलेली

हा मुद्दा रील बघताना कुणाच्याच लक्षात येत नाही, आणि सगळा विषय त्याच्यावरच उभा आहे.

अर्धस्वयंचलित बंदुकीत चाप एकदा ओढला की एक गोळी सुटते. पण त्याच झटक्यात बंदूक तीन कामं स्वतः उरकते: रिकामी पुंगळी बाहेर फेकते, आतला हातोडा किंवा घोडा पुन्हा ताणते आणि मॅगझीनमधलं नवं काडतूस कप्प्यात भरते. म्हणजे पुंगळी हवेत असतानाच पुढची गोळी तयार झालेली असते. पुंगळी कॉलरमध्ये पडेपर्यंत बंदूक पूर्ण भरलेली असते. अनेक पिस्तुलांत तर पहिल्या गोळीनंतर चाप आणखी हलका होतो.

जुन्या .३०३ रायफलशी तुलना करा. तिच्यात गोळी सुटल्यावर पुंगळी आतच राहते. शिपायाने हाताने बोल्ट मागे ओढला की ती बाहेर पडते, बोल्ट पुढे ढकलला की नवं काडतूस आत जातं. त्याआधी तो कितीही दचकला आणि चाप कितीही दाबला गेला तरी काही सुटत नाही. एनसीसीमध्ये ज्यांनी .२२ रायफल चालवली, त्यांचा अनुभवही हाच. रिव्हॉल्व्हरमध्ये पुंगळ्या चक्रातच बसून राहतात. एकेरी गावठी कट्ट्यातही पुंगळी आतच असते.

थोडक्यात, हाताने बोल्ट ओढाव्या लागणाऱ्या किंवा एकेरी बंदुका चटका देत नाहीत आणि दचकण्याला माफही करतात. जी चटका देते, ती अजिबात माफ करत नाही.

महाराष्ट्र पोलिसांच्या बाबतीत हे समजून घ्यायला २६ नोव्हेंबर २००८ आठवावा लागतो. मुंबईत सीएसटी स्थानकावर एके-४७ घेतलेल्या हल्लेखोरांसमोर पोलिसांच्या हातात .३०३ रायफली होत्या. त्यानंतर शस्त्रं बदलण्याची मागणी झाली आणि ती योग्यच होती. एसएलआर, इन्सास, ९ मिमी पिस्तूल ही नावं सामान्य पोलिसाच्या ओळखीची झाली. पण शस्त्र बदललं की हाताच्या सवयीही बदलाव्या लागतात. .३०३ वर चालून जाणारी ढिलाई इन्सासवर चालत नाही. चर्चा नेहमी ‘पोलिसांना आधुनिक शस्त्रं मिळाली का’ एवढ्यावर थांबते, त्या शस्त्रांवर वर्षाला सराव किती होतो हा प्रश्न मागेच राहतो.

बोट आपोआप का दाबलं जातं?

‘मी तर चाप ओढलाच नाही’ असं अशा घटनांनंतर लोक सांगतात आणि अनेकदा ते खोटं बोलत नसतात. अमेरिकेतले शरीरक्रियाशास्त्रज्ञ रॉजर एनोका यांनी अनवधानाने सुटणाऱ्या गोळ्यांवर लिहिताना तीन परिस्थिती मांडल्या आहेत. दचकल्यावर मूठ आवळली जाणं. तोल जाताना काहीतरी पकडायला हात घट्ट होणं. आणि एका हाताने जोर लावताना दुसऱ्या हाताचे स्नायूही आपोआप ताणले जाणं.

गरम पुंगळी ही तिन्ही परिस्थिती एकदम आणू शकते. चटक्याने माणूस दचकतो, वळताना तोल जातो आणि मोकळ्या हाताने शर्ट ओढताना पिस्तुलाचा हातही आवळला जातो. बोट चापावर असेल तर पुढचं त्याच्या इच्छेवर राहत नाही.

अनुभव असला म्हणजे हे टळतं असंही नाही. १ ऑक्टोबर २०२४ ला अभिनेते गोविंदा यांच्या पायात त्यांच्याच परवानाधारक रिव्हॉल्व्हरची गोळी घुसली. ते शस्त्र ठेवताना हातातून निसटलं, असं तेव्हा सांगण्यात आलं. त्या प्रकाराचा पुंगळीशी काही संबंध नाही. पण झाडायची नसलेली गोळी सुटते, ती अशाच एखाद्या बिनमहत्त्वाच्या क्षणी.

रेंजवर काय केलेलं असतं?

नेमबाजीच्या खेळाने या प्रश्नाचा विचार आधीच केलेला आहे. कोल्हापूरच्या राही सरनोबतने २०१८ च्या आशियाई स्पर्धेत ज्या २५ मीटर पिस्तूल प्रकारात सुवर्ण जिंकलं, त्यात .२२ चं अर्धस्वयंचलित पिस्तूल असतं. पुंगळ्या शेजारच्या खेळाडूवर जाऊ नयेत म्हणून या रेंजवर दोन खेळाडूंच्या मध्ये पारदर्शक पडदे लावलेले असतात. पारदर्शक अशासाठी की पंचांना सगळ्यांचे हात दिसले पाहिजेत. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेने १ ऑगस्ट २०२४ ला पॅरिसमध्ये कांस्यपदक मिळवलं, त्या ५० मीटर रायफल प्रकारात खेळाडू बोल्ट स्वतः मागे ओढतो. तिथे पुंगळी निवांत बाहेर येते. १० मीटर एअर रायफल आणि एअर पिस्तुलात तर पुंगळीच नसते, त्यामुळे गावोगावच्या मुलांची सुरुवात तिथून होते हे बरंच आहे.

मात्र पडद्याची एक गंमत आहे. तो शेजाऱ्याला वाचवतो, पण पुंगळी अडवून कधी कधी झाडणाऱ्याकडेच परत पाठवतो. सॅरासोटामध्ये भिंतीने तेच केलं. मोकळ्या मैदानात पुंगळी दूर जाऊन पडते, अरुंद बंदिस्त जागेत ती कुठेही उडते. डावखुऱ्यांची अडचण आणखी वेगळी. पुंगळ्या उजवीकडे उडतात आणि ते बंदूक डाव्या बाजूला धरतात, त्यामुळे पुंगळी त्यांच्या चेहऱ्यासमोरून जाते.

म्हणून शेवटचं संरक्षण कपड्यांचंच. बंद गळ्याचा शर्ट, वरचं बटण लावलेलं, पुढे झाप असलेली टोपी, कडेनेही झाकणारा चष्मा, बंद बूट. टोपीची झाप चष्म्याच्या वरची फट झाकते. पोलिसांच्या किंवा एनसीसीच्या गणवेशात कॉलर आणि टोपीवर ओरडणारे उस्ताद नवख्यांना उगाच कटकटे वाटतात. रेंजवर त्या कटकटीला कारण असतं.

पुंगळी आत गेलीच तर?

उत्तर सोपं आहे आणि निसर्गाच्या उलट आहे: काही करायचं नाही. निदान पहिले दोन सेकंद.

बंदुकीचं तोंड लक्ष्याकडेच राहू द्यायचं. बोट चापावरून काढून बाहेर, बंदुकीच्या अंगाला सरळ टेकवायचं. शक्य असेल तर शस्त्र समोर ठेवायचं किंवा सेफ्टी लावायची. मग शर्ट झटकायचा, नाचायचं असेल तर नाचायचं. फोड आला तरी चालेल, हे मनाशी आधी ठरवलेलं असावं लागतं, कारण त्या क्षणी ठरवायला वेळ नसतो. चांगले प्रशिक्षक म्हणूनच नवख्याला पहिल्या गोळीच्या आधी सांगून ठेवतात की पुंगळी अंगावर येईल, भाजेल, आणि तू हलायचं नाहीस. अपेक्षित चटक्याने माणूस कमी दचकतो.

भाजलेल्या जागी नंतर वीसेक मिनिटं साधं वाहतं पाणी सोडावं. टूथपेस्ट, हळद, बर्फ यांपैकी काही नको. डोळ्याला लागलं तर थेट डॉक्टरांकडे.

लग्नाच्या वरातीत ना पडदा, ना प्रशिक्षक

रेंजवर एवढी व्यवस्था असूनही अपघात होतात. वरातीत किंवा वाढदिवसाला हवेत झाडल्या जाणाऱ्या गोळ्यांच्या वेळी यातलं काहीच नसतं. झाडणाऱ्याच्या उजव्या हाताला, म्हणजे पुंगळ्या उडतात तिथेच, माणसं गर्दी करून उभी असतात. कुणाच्या तरी अंगावर पुंगळी पडते, तो झटकतो, झाडणाऱ्याला धक्का लागतो आणि हात वर असलेलं भरलेलं पिस्तूल खाली येतं. हवेत गेलेल्या गोळीचा धोका लोकांना आता थोडाफार माहीत झाला आहे. खाली येणाऱ्या हाताचा धोका मात्र कुणी मोजत नाही.

शस्त्र कायद्यात २०१९ मध्ये झालेल्या दुरुस्तीनंतर, इतरांचा जीव धोक्यात येईल असा निष्काळजी किंवा आनंदोत्सवातला गोळीबार हा स्वतंत्र गुन्हा आहे. दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. परवाना आहे म्हणून सूट नाही. आणि असा व्हिडिओ स्वतःच अपलोड करणारा पोलिसांचं अर्धं काम करून देत असतो.

अशा वेळी जमिनीवर पडलेल्या पुंगळ्या वेचायला सगळ्यात आधी मुलं धावतात. चकाकतं पितळ, पुन्हा कोमट. त्यांच्या तळहाताला चटका बसतोच, शिवाय पुंगळीवर प्रायमरमधल्या शिशाचे कण असतात. हात न धुता तेच बोट तोंडात जातं.

कुठे खरंच गुन्हा घडला असेल तर त्या वेचलेल्या पुंगळीबरोबर पुरावाही जातो. आकड्याने धरल्याच्या, टिकलीवर पिन आपटल्याच्या खुणा पितळेवर उमटलेल्या असतात आणि त्या त्या बंदुकीच्या असतात. धारवाडमध्ये ३० ऑगस्ट २०१५ ला एम. एम. कलबुर्गी आणि बंगळुरूत ५ सप्टेंबर २०१७ ला गौरी लंकेश यांच्या हत्येत एकच ७.६५ मिमीचं गावठी पिस्तूल वापरलं गेलं, हा न्यायवैद्यक अहवालातला निष्कर्ष अशाच तुलनेतून आला. घटनास्थळी पुंगळी दिसली तर ती उचलायची नाही, तिच्यावर पायही द्यायचा नाही, यामागचं कारण हे आहे.

पोलिसांच्या आणि एनसीसीच्या सरावात पुंगळ्यांचा हिशेब द्यावा लागतो. जेवढी काडतुसं दिली, तेवढ्या रिकाम्या पुंगळ्या परत मोजून घेतल्या जातात. खिशात आठवण म्हणून एखादी टाकून नेणं म्हणजे मागे राहिलेल्या सगळ्यांना गवतात शोधायला लावणं. पण ही वेचणी शेवटी होते. आधी गोळीबार थांबल्याचा आदेश, मग मॅगझीन काढणं, मग ‘जाँच शस्त्र’ म्हणून प्रत्येकाच्या रायफलीचा कप्पा रिकामा असल्याची खात्री, मग शस्त्रं खाली. त्यानंतरच लोक पुढे सरकून वाकतात. तोवर पितळ गार झालेलं असतं.